माद्रिदमध्ये स्पॅनिश शिकताना रेइना सोफिया कसं पाहावं

स्पॅनिश शिकायला माद्रिदला गेलेले बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट करतात. वर्ग सुटल्यावर संग्रहालयात शिरतात, मजले पालथे घालतात, मोबाइलमध्ये दीडशे फोटो भरतात आणि संध्याकाळी घरमालकीणबाईंनी "काय पाहिलंत?" विचारलं की "मुय बोनीतो", म्हणजे "फार छान", एवढं बोलून गप्प बसतात. मीही तेच केलं. तीन तास पायपीट करून हाती लागले दोन शब्द, आणि तेही मला विमानात बसण्याआधीपासून येत होते.

नंतरच्या पाच आठवड्यांत मी त्याच संग्रहालयात, म्हणजे रेइना सोफिया या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, सात वेळा गेले आणि एकूण नऊ-दहाच कलाकृती नीट पाहिल्या. माझं बोलणं सुधारलं ते या भेटींमुळे. म्हणून हा लेख कलेच्या जाणकारांसाठी नाही. ज्यांचं स्पॅनिश साधारण ए-२ किंवा बी-१ पातळीवर, म्हणजे प्राथमिक आणि मध्यम यांच्या सीमेवर, अडकलंय, त्यांच्यासाठी आहे.

जुन्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेलं प्रादो संग्रहालय सोडून रेइना सोफियाच का, असं कोणीही विचारेल. प्रादो थोर आहेच, पण तिथे चित्रात काय चाललंय हे सांगायचं तर संत, देवदूत, ग्रीक देवता आणि राजघराण्यातली नाती ठाऊक हवीत. नवशिक्याची तिथे बोबडी वळते. रेइना सोफियात बैल असतो, घोडा असतो, खिडकी, दिवा, हात, फूल असतं. म्हणजे पहिल्या तीन धड्यांतले शब्द. आणि जिथे नुसते रंगाचे फराटे असतात, तिथे माद्रिदकरही "हे काय असावं?" म्हणत उभा असतो. त्या एका जागी तुम्ही आणि तो एकाच पायरीवर असता. परक्या भाषेत असं सहसा होत नाही.

कधी जायचं, कितीला पडतं

मंगळवारी संग्रहालय बंद असतं. हे पहिल्यांदा सांगते, कारण मी पहिल्यांदा गेले ती मंगळवारीच. बाकी सोमवारी आणि बुधवार ते शनिवार सकाळी १० ते रात्री ९, रविवारी सकाळी १० ते दुपारी २:३०. तिकीट १२ युरो. सोमवारी आणि बुधवार ते शनिवार संध्याकाळी ७ ते ९ आणि रविवारी १२:३० पासून बंद होईपर्यंत प्रवेश फुकट. १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण ओळखपत्र लागतं. भाषाशाळेचं कार्ड चालतं का, हे खिडकीवर विचारा. तो तुमचा दिवसातला पहिला स्पॅनिश संवाद समजा. निघण्याआधी संकेतस्थळावर वेळा आणि दर पाहून घ्या. तिथेच अमुक कलाकृती सध्या मांडलेली आहे का, हेही कळतं. संग्रहाची मांडणी बदलत असते, काही चित्रं दुसऱ्या शहरांतल्या प्रदर्शनांना गेलेली असतात, आणि ज्या चित्राचा अभ्यास करून जावं नेमकं तेच नसलं की फार चिडचिड होते.

माझा सल्ला असा: पहिली भेट सकाळी, तिकीट काढून, दीड तासाची. त्यानंतरच्या सगळ्या भेटी संध्याकाळच्या फुकट वेळेत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. फुकट वेळेला रांग लागते आणि पिकासोच्या गेर्निका या प्रसिद्ध चित्रासमोर गर्दी असते, पण तोवर ते चित्र तुमचं पाहून झालेलं असेल.

मेट्रोची लाईन १ धरा आणि "एस्ताथिओन देल आर्ते"ला उतरा. जुनी प्रवासपुस्तकं वापरणाऱ्यांनी सांभाळा. या स्थानकाला २०१८ पर्यंत आतोचा म्हणत. आता आतोचा हे नाव शेजारच्या, रेल्वेला जोडलेल्या स्थानकाला दिलंय. चुकून तिथे उतरलात तरी पाच-दहा मिनिटं चालण्यापलीकडे काही बिघडत नाही.

आदल्या रात्री: वीस शब्द पुरेत

शंभर शब्दांची यादी करू नका, ती कागदावरच राहते. जागा दाखवणारे शब्द मात्र घोटून ठेवा, कारण चित्राचं अर्धं वर्णन तेवढ्यावर निभावतं. "आ ला इथ्किएर्दा" (डावीकडे), "आ ला देरेचा" (उजवीकडे), "अर्रीबा" (वर), "आबाखो" (खाली), "एन एल थेन्त्रो" (मधोमध), "देलान्ते" (पुढे), "देत्रास" (मागे), "आल फोन्दो" (पार मागे, पार्श्वभूमीला). स्पेनमध्ये 'झेड' आणि 'ई', 'आय'च्या आधी येणारा 'सी' यांचा उच्चार 'थ'च्या जवळ जातो, म्हणून इथे थ लिहिलाय. लॅटिन अमेरिकी शिक्षकाकडे शिकला असाल तर तुमच्या तोंडात स बसलेला असेल. तोही बरोबरच, बदलायच्या भानगडीत पडू नका.

मग संग्रहालयातले शब्द. चित्राला "कुआद्रो" म्हणतात. हा शब्द चौकोनाच्या घराण्यातला, म्हणून चौकडीच्या शर्टालाही "कामीसा दे कुआद्रोस". कॅनव्हास म्हणजे "लिएन्थो", तैलरंग म्हणजे "ओलेओ", कच्चं रेखाटन म्हणजे "बोथेतो". फळं-भांडी मांडून काढलेल्या चित्राला "बोदेगोन" म्हणतात, किंवा "नातुरालेथा मुएर्ता", शब्दशः मेलेला निसर्ग. कलाकृतीला "ओब्रा" म्हणतात, आणि बांधकामालाही ओब्राच. त्यामुळे दारावर "थेर्रादा पोर ओब्रास" दिसलं तर आत महान कलाकृती आहेत असं समजू नका. दुरुस्ती चालू आहे. आणि दालनाला म्हणतात "साला". फलकाफलकावर साला १, साला २ वाचताना पहिल्या दिवशी मराठी माणसाला हसू आवरत नाही. हसून घ्या. तो शब्द मग आयुष्यात विसरत नाही.

शेवटी तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: "के बेस?" (काय दिसतंय?), "पोर के लो दीथेस?" (असं का म्हणतेस?), "इ के मास?" (आणखी काय?). हे माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. न्यूयॉर्कच्या मॉमा संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसेन यांनी चित्र पाहायला शिकवण्याची जी पद्धत बसवली, ती साधारण अशाच तीन प्रश्नांवर चालते. ती भाषा शिकवण्यासाठी नव्हती, पण भाषेच्या विद्यार्थ्याला तिचा इतका उपयोग होतो की वाटावं त्याच्यासाठीच केली.

दारापाशी

मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, ती ठेवून द्यावी लागते. इथे माझी फजिती झाली. स्पेनमध्ये "ताकीया" म्हणजे तिकीटखिडकी आणि ताकीया म्हणजेच सामानाचा कुलूपबंद कप्पाही. मी हातात तिकीट, पाठीवर पिशवी घेऊन "दोन्दे एस्ता ला ताकीया?" विचारत होते, आणि रखवालदार मला शांतपणे तिकिटांच्या रांगेकडे पाठवत होता. दोनदा. सामान ठेवायच्या जागेसाठी "कोन्सिग्ना" हा शब्द वापरा, काम होतं. वही, पेन्सिल आणि इअरफोन तेवढे सोबत ठेवा. पेन्सिलच घ्या, चित्रांच्या जवळ शाईचं पेन घेऊन उभं राहिलेलं कुठल्याच संग्रहालयाला फारसं आवडत नाही.

इमारतीविषयी दोन शब्द, म्हणजे आत गेल्यावर बावचळायला होणार नाही. मुख्य इमारत अठराव्या शतकातलं सार्वजनिक रुग्णालय होती. आराखडा होसे दे एर्मोसियाचा, पुढचं काम फ्रान्सेस्को साबातिनीचं, म्हणून तिला साबातिनी इमारत म्हणतात. लांबच लांब मार्गिका, उंच कमानी छत, मधोमध अंगण. दर्शनी भिंतीबाहेर काचेचे लिफ्टचे मनोरे नंतर उभे राहिले. २००५ मध्ये मागे झाँ नुव्हेलनं बांधलेली लाल छताची नवी इमारत जोडली गेली. दोन्हींत मजल्याला "प्लांता" म्हणतात, आणि "प्लांता बाखा" म्हणजे तळमजला. गेर्निका साबातिनीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. नकाशा घ्या, पण रस्ता माणसालाच विचारा. उत्तरात "आल फोन्दो, आ ला देरेचा" ऐकू येईल, आणि रात्री घोकलेले शब्द लगेच कामाला आलेले पाहून बरं वाटेल.

गेर्निकासमोर चाळीस मिनिटं

आधी उच्चार. ग्वेर्निका नाही, गेर्निका. 'जी'नंतर 'यू' आणि त्यानंतर 'ई' किंवा 'आय' आला की मधला 'यू' मुका. गिटारला म्हणूनच "गितार्रा" म्हणतात.

पहिली पाच मिनिटं काही वाचू नका, ऐकू नका, फोटोही काढू नका. (फोटो काढायला सप्टेंबर २०२३ पासून परवानगी आहे, फ्लॅशशिवाय, आधी अनेक वर्षं बंदी होती.) चित्र जवळपास साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब आहे. एका नजरेत ते मावत नाही, मान फिरवावी लागते. रंग नाहीत, काळा, पांढरा आणि करड्याच्या छटा. नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दोन-तीनदा जाऊ द्या.

मग पहिली फेरी, फक्त नामांची. "आय उन तोरो", बैल आहे. "आय उन काबायो", घोडा आहे. "आय"चा अर्थ "आहे" किंवा "आहेत". एक असो की दहा, रूप बदलत नाही, म्हणून नवशिक्याला याहून आपलं क्रियापद नाही. बायका मोजा. डावीकडे मेलेलं मूल मांडीवर घेतलेली, खिडकीतून दिवा पुढे करणारी, खालून वर पाहत फरफटत येणारी, आणि अगदी उजवीकडे ज्वाळांत हात वर केलेली. तेलाच्या त्या दिव्याला "किन्के" म्हणतात. जमिनीवर पडलेल्या योद्ध्याच्या मुठीत मोडकी तलवार आहे, "एस्पादा", आणि तिथेच, जवळ जाऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही असं एक छोटंसं फूल, "फ्लोर". हात म्हणजे "मानो". शेवटी ओ आहे तरी शब्द स्त्रीलिंगी, "ला मानो". आपला हात पुल्लिंगी, त्यामुळे माझी जीभ इथे दर वेळी अडखळायची. त्या मुठीसमोर उभी राहून दहा वेळा "ला मानो" म्हटलं तेव्हा कुठे सुटली.

वर मधोमध विजेचा बल्ब आहे, डोळ्यासारखा. बल्ब म्हणजे "बोंबीया" आणि बॉम्ब म्हणजे "बोंबा". शब्दांच्या या सारखेपणाकडे चित्राचे अभ्यासकही बोट दाखवतात. मराठी कानाला तर त्यात बोंबही ऐकू येते, आणि चित्रात सगळ्यांचीच तोंडं उघडी आहेत.

दुसरी फेरी जागांची. बैल "आ ला इथ्किएर्दा", घोडा "एन एल थेन्त्रो", बल्ब "अर्रीबा", योद्धा "आबाखो". तिसरी फेरी चालू क्रियेची: "एस्ता ग्रितान्दो" (ओरडतेय), "एस्ता कोर्रिएन्दो" (धावतेय), "एस्ता मिरान्दो" (पाहतोय). बैल नक्की कुणाकडे पाहतोय, हे ठरवायला मला दोन भेटी लागल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या आजोबांचं उत्तर माझ्याहून वेगळं होतं.

घोड्याच्या अंगाशी थांबा. त्यावर ओळीनं मारलेल्या बारीक उभ्या रेघा आहेत, छापील वर्तमानपत्राच्या मजकुरासारख्या. "पारेथे उन पेरिओदिको", वर्तमानपत्रासारखं वाटतं. "पारेथे" (वाटतं, दिसतं) हे क्रियापद मी पुस्तकात तीनदा वाचलं होतं. वापरलं पहिल्यांदा त्या घोड्यासमोर.

चौथी फेरी भूतकाळाची. यासाठी थोडा इतिहास लागतो, पण तो साध्या वाक्यांत मावतो. पॅरिसच्या १९३७ च्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनासाठी स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारनं पिकासोकडून भित्तिचित्र मागवलं होतं. २६ एप्रिल १९३७ ला, सोमवारी, त्या सरकारविरुद्ध बंड केलेल्या जनरल फ्रांकोच्या बाजूनं लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क प्रदेशातल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकले. पिकासोनं मे महिन्यात रेखाटनं सुरू केली आणि जूनमध्ये चित्र पुरं केलं, पॅरिसमध्ये. पुढे अनेक वर्षं ते न्यूयॉर्कच्या मॉमात राहिलं. स्पेनमध्ये लोकशाही आल्याशिवाय ते तिथे जाऊ नये, अशी पिकासोची इच्छा होती. पुढे हुकूमशहा झालेला फ्रांको १९७५ मध्ये गेला. पिकासो त्याआधीच, १९७३ मध्ये. चित्र स्पेनला आलं १९८१ मध्ये आणि या संग्रहालयात १९९२ मध्ये.

आता एक गंमत. १९८१ बद्दल सांगताना "बोल्बिओ" (परतलं) म्हणायचं की "येगो" (पोचलं)? स्पेनमध्ये लोक सर्रास चित्राच्या परतण्याबद्दल बोलतात. पण चित्र पॅरिसमध्ये काढलं, स्पेनमध्ये त्याआधी कधी आलंच नव्हतं, मग परतेल कसं? हा प्रश्न मी आमच्या वर्गात टाकला. पंधरा मिनिटं वाद झाला, नि शिक्षिकेनं त्या दिवशीचा स्वाध्याय रद्द केला. तुमच्या वर्गात जरूर टाकून पाहा.

जवळच्या दालनात छायाचित्रकार दोरा मार हिनं चित्र घडत असताना काढलेले फोटो मांडलेले असले तर सोडू नका. सुरुवातीच्या टप्प्यात मधोमध वर उगारलेली मूठ होती, नंतर ती पिकासोनं काढून टाकली. "आन्तेस आबीआ उन पून्यो, आओरा नो": आधी मूठ होती, आता नाही. अपूर्ण भूतकाळाचा याहून चांगला सराव मला पाठ्यपुस्तकात सापडला नाही. फोटो आणि चित्र यांच्यामध्ये येरझारा घालत दहा फरक शोधा आणि दर फरकाला एक वाक्य म्हणा.

एवढ्यात शाळकरी मुलांचा घोळका आला तर तुमचं नशीब. मुलं चित्रासमोर जमिनीवर फतकल मारून बसतात, बाई विचारतात "के बेइस?", काय काय दिसतंय? मुलं जी उत्तरं देतात ती नेमकी तुमच्या पातळीची असतात: छोटी वाक्यं, सावकाश, बिनधास्त. प्रौढांसाठीचा वाटाड्या भराभर आणि अवघड बोलतो, ऑडिओगाइडही तसाच. घोळक्यापासून दोन हात लांब उभं राहा, चित्राकडे पाहतोय असं दाखवा आणि कान तिकडे ठेवा. मी शिकलेला "दा मिएदो" (भीती वाटते) हा प्रयोग एका सात-आठ वर्षांच्या मुलाचा आहे.

खिडकीतली मुलगी आणि माझी चूक

साल्वादोर दालीचं १९२५ चं "मुचाचा एन ला बेन्ताना" हे शांत चित्र आहे. वितळणारी घड्याळं वगैरे अजून यायची होती. तो तेव्हा एकवीस वर्षांचाही नव्हता किंवा जेमतेम झाला असेल. त्याची बहीण आना मारिया पाठमोरी, खिडकीच्या कठड्यावर हात टेकून बाहेरच्या खाडीकडे पाहतेय. कॅनव्हासऐवजी कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्यावर काढलंय. पाटीवर "कार्तोन पिएद्रा" असं दिसेल.

या चित्रापुढे मी वर्गमैत्रिणीला रुबाबात सांगितलं, "ला चिका एस आबुर्रीदा." मला म्हणायचं होतं, मुलगी कंटाळलीय. मी म्हटलं होतं, मुलगी कंटाळवाणी आहे. मागून कोणीतरी खुदकन हसलं. "एस" म्हणजे स्वभावानं, "एस्ता" म्हणजे आत्ता, या क्षणी. मराठीत दोन्हींना "आहे" चालतं म्हणून हा फरक आपल्या अंगात मुरायला वेळ लागतो. या चित्राचं मोठेपण असं की चेहरा दिसतच नाही, त्यामुळे "एस्ता" पुढे काहीही जोडता येतं आणि कुणी खोटं पाडू शकत नाही: "एस्ता त्रीस्ते" (उदास), "एस्ता कान्सादा" (दमलेली), "एस्ता एस्पेरान्दो". या शेवटच्यात तर दोन अर्थ आहेत, वाट पाहणं आणि आशा करणं. स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच क्रियापद, "एस्पेरार". ती कुणाची वाट पाहतेय की कसली आशा धरून आहे, हे शब्दावरून कळत नाही, आणि पाठीवरूनही नाही.

वेळ असेल तर आन्खेलेस सान्तोसचं "उन मुन्दो" शोधा. १९२९ मध्ये हे काढलं तेव्हा ती अठरा वर्षांचीही नव्हती. जवळजवळ तीन मीटर बाय तीन मीटरचं चित्र, आणि त्यात पृथ्वी गोल नाही, चौकोनी ठोकळा आहे. त्यावर घरं, आगगाडी, इवली इवली माणसं. इथे व्याकरण वगैरे राहू द्या. मैत्रिणीला घेऊन जा आणि "आय..." ने सुरू होणारी वाक्यं आळीपाळीनं म्हणा, जिची संपतील ती हरली. आम्ही चाळीसच्या पुढे गेलो होतो.

काहीच कळत नाही अशा चित्रासमोर

आधी पाटी वाचा, पण स्पॅनिश भागच. इंग्रजी शेजारीच छापलेलं असतं आणि डोळे आपोआप तिकडे जातात, म्हणून मी वहीचा कोपरा आडवा धरायचे. पाटीवरचा क्रम ठरलेला असतो: चित्रकाराचं नाव, जन्म-मृत्यूचं ठिकाण आणि साल, चित्राचं नाव, केव्हा काढलं, कशावर कशानं काढलं. पाच पाट्या वाचल्यावर सहावी न अडखळता वाचता येते. पुष्कळदा नावाच्या जागी "सिन तीतुलो" असेल, म्हणजे शीर्षक नाही. मग शीर्षक तुम्ही द्या. तीन शब्दांत, आणि का ते एका वाक्यात.

उलटही करून पाहा. होआन मिरोच्या एका चित्राचं नाव आहे "मुखेर, पाखारो इ एस्त्रेया", बाई, पक्षी आणि तारा, पिकासोला वाहिलेलं. नाव वाचल्यावर चित्रात बाई कुठे, पक्षी कुठे, हे शोधायचं आणि बोटानं हवेत दाखवत सोबत्याला पटवायचं. (बोट हवेतच ठेवा. रेषेच्या पुढे गेलात की रखवालदार पुढे सरसावतो.) आमच्यात दोघांना बाई सापडली, पक्षी प्रत्येकाचा वेगळा.

अशा चित्रांपुढे मत द्यायचे साचे कामी येतात. "मे पारेथे के..." (मला वाटतं की), "मे रेकुएर्दा आ..." (मला अमुकची आठवण होते), "पारा मी एस..." (माझ्या मते हे आहे). असहमती दाखवायची वेळ आली की व्याकरण जरा चढतं: "नो क्रेओ के सेआ उन पाखारो", हा पक्षी असेल असं मला वाटत नाही. "क्रेओ के" नंतर "एस", पण "नो क्रेओ के" नंतर "सेआ". खात्री गेली की क्रियापदाचं रूप बदलतं. फळ्यावर मला हा नियम कधीच पटला नव्हता, पण अमूर्त चित्रासमोर कुणालाच कशाची खात्री नसते, त्यामुळे "सेआ" आपसूक तोंडात येतं.

"मला हे आवडलं नाही" म्हणायला लाजू नका. "नो मे गूस्ता" म्हटलं की समोरचा हटकून "पोर के?" विचारतो, आणि "छान आहे" म्हटल्यावर कोणीच काही विचारत नाही. बोलणं लांबवायचं असेल तर नावडीचा फायदा जास्त.

माणसांशी बोलणं

दालनात बसलेले कर्मचारी दिवसभर तेच तेच पाहत असतात. गर्दी नसेल तर त्यातले काही जण बोलायला तयार असतात. सुरुवात "पेर्दोने" (माफ करा) अशी आदरार्थी करा, पुढे ते स्वतःच "तू"वर येतात. माद्रिदमध्ये अनोळखी माणसंही फार लवकर एकेरीवर उतरतात. आपल्याला "अहो"ची सवय असल्यानं सुरुवातीला ते खटकतं, पण त्यात तुसडेपणा नसतो. मी ठरवून एकच प्रश्न विचारायचे: या दालनात तुम्हाला कोणतं आवडतं? "कुआल ले गूस्ता मास?" एका बाईंनी मला चित्र दाखवलंच नाही, खिडकीतून दिसणारं अंगण दाखवलं. उत्तर कळलं नाही तर "मास देस्पाथिओ, पोर फाबोर", जरा सावकाश, म्हणायला संकोच कसला.

बाहेर पडल्या पडल्या

खोलीवर जाऊन लिहू म्हटलं की राहिलं. बाहेरच्या चौकात बसा आणि वही न उघडता मोबाइलवर दोन मिनिटं बोला: एकच चित्र, न पाहिलेल्या माणसाला सांगतोय असं समजून. अडलं तिथे मराठी शब्द टाका आणि पुढे जा. मग ते ऐकून अडलेले शब्द तेवढे वहीत उतरवा. माझ्या पहिल्या ध्वनिमुद्रणात अकरा मराठी शब्द होते, त्यात "फरफटत" दोनदा. त्याला स्पॅनिशमध्ये "आर्रास्त्रान्दोसे", हे मला गेर्निकातल्या त्या बाईनं शिकवलं.

संध्याकाळी तेच घरमालकीणबाईंना सांगा. तोवर तुमची तालीम झालेली असते, त्यामुळे त्यांचे प्रश्न झेलायला डोकं मोकळं राहतं. पुढे देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसणार असाल तर या सरावाचा आणखी एक फायदा: तोंडी परीक्षेत फोटोचं वर्णन करायला लावतात, आणि "डावीकडे आहे, मागे आहे, करतेय, मला वाटतं" या साच्यांवरच ते निभावतं.

दुसऱ्या भेटीपासून नियम एकच: दर वेळी एक जुनं चित्र, एक नवं. जुन्यासमोर आधीची वही उघडायची नाही. पावणेनऊच्या सुमारास दालनं रिकामी करायला सुरुवात होते, कर्मचारी एकेका खोलीतून लोकांना बाहेर काढत येतात. शेवटच्या आठवड्यात मी मुद्दाम तेवढ्यासाठी थांबायचे. गर्दी ओसरते, गेर्निकासमोर चार-पाच माणसं उरतात, आणि कोणी ना कोणी अजून फोटो काढत असतं. "बामोस थेर्रान्दो," कर्मचारी म्हणतात, बंद करत आणलंय आता. "बामोस"ला असं क्रियापद जोडून हळूहळू होत जाणारी क्रिया सांगता येते, हे मला आधी माहीत नव्हतं. लिफ्ट टाळून जिन्यानं उतरा. वाटेत ते दर मजल्यावर पुन्हा ऐकू येतं.